न दिलेले दुसरे इंजेक्शन

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका २० वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून प्रथमोपचार केले. सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात आणले गेले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते, हे ध्यानात ठेवावे.

शल्यचिकित्सकाने सहायकाला मॉर्फिया व हायोसिनची दोन इंजेक्शने तासाभराच्या अंतराने देण्यास सांगितले. दिले गेले एकच. मग भूल न देताच, मदतनिसांकरवी पाय ओढून हाड बसवण्यात आले व प्लास्टर घातले गेले. ‘मुलगा मॉर्फियाच्या अमलाखाली आहे, सातपर्यंत शुद्धीवर येईल,’ असे आईवडिलांना सांगण्यात आले. साडेसहाच्या सुमारास त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले. रात्री नऊला त्याचा मृत्यू झाला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण होते फॅट एम्बोलिझम, म्हणजे मोडलेल्या हाडातील चरबी रक्तात शिरून झालेला अडथळा. शल्यचिकित्सकाचा बचाव असा की, जोर लावलाच नव्हता, पाय केवळ स्थिर केला होता. न्यायालयांना तो पटला नाही. भुलीविना केलेल्या ओढाताणीच्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष निघाला. आईवडिलांनी २५,००० रुपये मागितले होते, मंजूर झाले ३,०००. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शल्यचिकित्सकाचे अपील फेटाळले. पंधरा वर्षे, आणि तीही वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या बापाला!

‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निवाडा आजही उद्धृत होतो. रुग्ण स्वीकारताना, उपचार ठरवताना आणि ठरलेला उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेणे बंधनकारक आहे, असे त्यात म्हटले आहे. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक लिहिले जाते पण दिले जात नाही, किंवा चुकीच्या मात्रेत दिले जाते, तेव्हा प्रश्न याच तिसऱ्या टप्प्याचा असतो.

पुढची वाट थोडी सोपी झाली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रे द्यावी लागतात. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते. पवनी तालुक्यातील आसगावच्या रुग्णाची शस्त्रक्रिया नागपूरच्या खासगी रुग्णालयात झाली असली, तरी तक्रार भंडाऱ्यात दाखल होऊ शकते. मागायच्या कागदांत औषधांचा तक्ता विसरू नये: कोणते औषध, किती, किती वाजता, कोणी दिले.