‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांत फरक काय? उसने घेणारा कोण, देणारा कोण?

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ ही इंग्रजी क्रियापदे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू सांगतात. मराठीत दोन्हीकडे ‘उसने’ हाच शब्द चालतो. पुढे ‘घेणे’ आले की एक अर्थ, ‘देणे’ आले की दुसरा. इंग्रजीत ही दिशा क्रियापदातच असते, म्हणून गोंधळ होतो.

बॉरो म्हणजे काय?
परत करण्याच्या बोलीवर घेणे. समजा, पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याचा फवारणी पंप दोन दिवसांसाठी नेला. इथे शेतकरी ‘बॉरो’ करतो. कोणाकडून, हे ‘फ्रॉम’ने सांगतात: ‘आय बॉरोड अ पंप फ्रॉम हिम.’

लेंड म्हणजे काय?
परत मिळण्याच्या बोलीवर देणे. त्याच व्यवहारात शेजारी ‘लेंड’ करतो: ‘ही लेंट मी अ पंप.’ भूतकाळ ‘लेंट’ होतो, ‘लेंडेड’ नाही.

नेहमीची चूक
‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ हे वाक्य चुकीचे आहे. पेन समोरचा देणार आहे, म्हणून ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ स्वतःकडून सुरुवात करायची असेल तर ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’

मग ‘लोन’?
‘लोन’ हे मुख्यतः नाम आहे: कर्ज. अमेरिकन इंग्रजीत ते ‘लेंड’च्या अर्थाने क्रियापद म्हणूनही वापरतात.

कर्जाच्या कागदावर
इथे चूक महागात पडू शकते. ‘बॉरोअर’ म्हणजे कर्जदार, ‘लेंडर’ म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था. ‘को-बॉरोअर’ म्हणजे सहकर्जदार. तो नुसता साक्षीदार नसतो, कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. त्यामुळे नातेवाइकाच्या कर्जावर सही करण्यापूर्वी आपल्या नावापुढे कोणता शब्द छापला आहे, हे पाहावे.

मोबाइलवरून कर्ज घेतानाही ‘लेंडर’ म्हणून कोणाचे नाव आहे ते तपासावे. अनेकदा ॲप फक्त मध्यस्थ असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम सर्वसाधारणपणे थेट ‘बॉरोअर’च्या बँक खात्यात जमा व्हावी लागते आणि हप्ते थेट ‘लेंडर’च्या खात्यात जावे लागतात.

लक्षात कसे ठेवाल?
वस्तू किंवा पैसा आपल्याकडे येतो तेव्हा ‘बॉरो’, आपल्याकडून जातो तेव्हा ‘लेंड’.