हजेरीपटात न आलेली जुळी

गेल्या आठवड्यात पुण्याहून भावाच्या नातीचा फोन आला. "आत्याआजी, जुळी आहेत म्हणे. सोनोग्राफीत दोन ठोके दिसले." मी म्हटलं, अगं मग आवाज का असा? तर म्हणाली, जो तो एकच विचारतोय, ट्रीटमेंट घेतली होती का. सासरच्या एका आजींनी तर जुळं केळं खाल्लं होतंस का, असंही विचारलं. आणि मग जरा थांबून, "आत्याआजी, आमचे आजोबा जुळ्यातले ना? त्यांच्याकडून आलं का हे?"

तिने ट्रीटमेंट घेतली की नाही हे मी इथे लिहिणार नाही. तो तिचा प्रश्न. पण तिचा फोन ठेवल्यापासून मला माझी आई आठवते आहे. म्हणून हा लेख. नातेवाईक मंडळींनी जरा सावकाश वाचावा, ही विनंती.

१९५८ सालची गोष्ट. मी सात वर्षांची होते. आम्ही तेव्हा अकोल्यातच राहायचो, प्रवरेच्या पात्रापासून फार लांब नाही. आईचं ते सातवं बाळंतपण, वय पस्तीस-छत्तीस. सुईण घरी आली. आधी भाऊ झाला. सगळं आवरलं असं वाटत असताना सुईणच ओरडली, अगं बाई, अजून एक आहे! तोवर दोन आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागून आलेली बहीण अगदी एवढीशी होती. चौथ्या दिवशी गेली. बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला नाव नाही. बाराव्या दिवशी एकट्या भावाचं बारसं झालं.

आजीने कारण शोधून काढलं. कुठल्याशा लग्नात आईने जुळं केळं खाल्लं असणार. आईने खाल्लं होतं का, तिलाही आठवत नव्हतं. पण तिने ते मानलं. त्यानंतर तिने उभ्या जन्मात केळं खाल्लं नाही. प्रसादाचं केळं कपाळाला लावायची आणि आम्हा मुलांच्या हातावर ठेवायची.

पुढे मी मराठी माध्यमातून बी. ए. केलं आणि मास्तरीण झाले. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं आमच्याच तालुक्यात नोकरी केली, त्यातली सुरुवातीची बरीचशी राजूरच्या वरच्या अंगाला, आदिवासी वाड्यावस्त्यांच्या शाळांत. दर जूनमध्ये जनरल रजिस्टरात नवी नावं भरताना जुळी आली की मला वेगळीच उत्सुकता असे. पहिल्या पंधरा वर्षांत चारच जोड्या आठवतात. निवृत्तीच्या सुमाराला मात्र एकाच वर्गात दोन जोड्या होत्या. मी घरी येऊन म्हणायचे, जुळी वाढली बरं का!

ते खरं होतं की नाही, हे समजायला पुष्कळ वर्षं गेली. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, त्यातलं थोडं सांगते.

जुळी दोन प्रकारची. एकाच गर्भाचे दोन झाले तर एकसारखी जुळी. ह्यांचं प्रमाण जगात जवळपास सगळीकडे सारखं, हजार बाळंतपणांत साडेतीन ते चार. आईचं वय, खाणंपिणं, देश, कशानेही त्यात फारसा फरक पडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे एकाच वेळी दोन बीजं तयार झाली आणि दोन्ही रुजली. ही खरं तर साधी भावंडंच, फक्त एका वेळची. माझा भाऊ आणि ती बहीण ह्या प्रकारातली, कारण मुलगा-मुलगी असं जुळं जवळजवळ नेहमी ह्याच प्रकारचं असतं.

जर्मनीतल्या वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९०१ साली ह्यावर एक सोपं गणित मांडलं. दोन नाणी उडवली तर निम्म्या वेळा एक छापा, एक काटा पडतो. तसंच दोन बीजांच्या जुळ्यांत निम्म्या जोड्या मुलगा-मुलगी असणार. म्हणून मुलगा-मुलगी जोड्या मोजायच्या आणि दुप्पट करायच्या. तेवढी दोन बीजांची, उरलेली एकसारखी. त्या काळी रक्त तपासायची सोय नव्हती, नुसत्या जन्मनोंदीवरून त्यांनी हे काढलं. मी गणिताची बाई नव्हे, पण हे वाचून फार आनंद झाला.

देशोदेशी जो फरक दिसतो तो ह्या दुसऱ्या प्रकाराचा. नायजेरियात योरुबा लोकांमध्ये हजार बाळंतपणांमागे चाळीसहून जास्त जुळी नोंदली गेली. जपानमध्ये पूर्वी जेमतेम सहा. आपल्याकडे केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोडिन्ही गाव आहे. कुटुंबं दोन हजारांच्या आसपास आणि जुळ्यांच्या जोड्या शेकड्यांनी. तिथलं कारण अजून नक्की सापडलेलं नाही.

पण आईशी संबंधित काही गोष्टी आता चांगल्या समजल्या आहेत. वय वाढतं तसं बीजकोशाला चालना देणारं संप्रेरक शरीरात जास्त तयार होतं, आणि एखाद्या महिन्यात एकाऐवजी दोन बीजं सुटतात. पस्तीस ते एकोणचाळीस ह्या वयात हे सर्वांत जास्त, मग कमी होतं. बाळंतपणं जास्त झालेल्या बाईला जुळी होण्याचा संभव अधिक. उंच आणि अंगाने भरलेल्या बाईला अधिक. खाण्यापिण्याचाही संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स, हॉलंड, नॉर्वे ह्या देशांत दोन बीजांच्या जुळ्यांचं प्रमाण घसरलं होतं, असं बल्मर ह्यांनी १९५९ साली दाखवलं. न्यूयॉर्कच्या डॉ. गॅरी स्टाइनमन ह्यांना २००६ साली असं आढळलं, की दूधदुभतंही न खाणाऱ्या बायकांत जुळ्यांचं प्रमाण इतरांच्या पाचव्या हिश्श्याइतकंच होतं.

आता माझी आई पाहा. वय छत्तीसच्या आसपास, सातवी खेप, बांधा उंच, घरात दुभती म्हैस. पुस्तकातलं एकेक कारण तिला लागू पडतं. केळ्याचा उल्लेख मला कुठल्याही अभ्यासात सापडला नाही. आणि ह्यातलं एकही कारण तिच्या हातातलं नव्हतं. कितवं बाळंतपण, कोणत्या वयात, हे ठरवायची मुभा तिला कुठे होती?

राजूरकडच्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया निराळ्या. लहानखुऱ्या, काटक. भाताची आवणी संपली की नाचणी-वरईची कामं, आणि शेतं मोकळी झाली की मजुरीला नारायणगाव-जुन्नरकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणाआधीचं वजन बेचाळीस किलोच्या आसपास होतं. आमच्या डोंगरातल्या बायका ह्याहून धिप्पाड होत्या असं काही मला वाटत नाही. जुळी कमी असायला हेही एक कारण असावं.

पण एकच. दुसरं कारण रजिस्टरातच लपलेलं होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकदा पहिलीत नाव घालायला एक आई आली. पोराचं नाव धोंडू. मूल जगावं, नजर लागू नये म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू अशी नावं ठेवायची रीत होती, हे तुम्हाला माहीत आहेच. मी जन्मतारीख विचारली. ती बाई म्हणाली, "तारीख नाय ठावं. ह्याच्या संगं एक होती, ती नाय राहिली." मी अंदाजाने १ जून लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. ती जी 'एक होती', तिच्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता.

जनरल रजिस्टर सहा वर्षं जगलेली मुलंच मोजतं. माझा भाऊसुद्धा शाळेत एकटाच दाखल झाला. म्हणजे मी पस्तीस वर्षं जन्मलेली जुळी मोजत नव्हते, दोन्ही जगलेली जुळी मोजत होते. जुळ्यांतली निम्मी तरी वेळेआधी जन्मतात, वजनाने कमी भरतात, आणि घरी, पावसाळ्यात, नदीला पाणी असताना त्यांचं काय होत असेल!

मग हे बदललं कसं? डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं. नवजात मुलांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचं त्यांनी १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलं. २००५ नंतर आशाताई आल्या, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. सोनोग्राफीमुळे दोन आहेत हे आधी कळू लागलं. माझ्या शेवटच्या वर्गातल्या दोन जोड्यांमागे हे सगळं काही ना काही अंशी असणार.

जन्मणारी जुळीही वाढली आहेत, हेही खरं. त्यात एक गंमत आहे. बायकांना कमी मुलं, आणि तीही तरुणपणीच, होऊ लागली तशी आधी जुळी घटली. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्याला हे प्रमाण हजारी दहाच्या खाली गेलं होतं. मग लग्नं उशिरा होऊ लागली, बीजं वाढवणारी औषधं आली, १९७८ साली इंग्लंडात पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी तशी मुलगी जन्मली. यश यावं म्हणून एकाहून जास्त गर्भ सोडत, त्यातून जुळी-तिळी होत. चाळीस वर्षांत इंग्लंडचा आकडा सोळाच्या घरात गेला. साऱ्या जगाचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. हजार बाळंतपणांमागे जुळी १९८० च्या सुमारास नऊ होती, ती बारा झाली. जोखीम ओळखून आता एकच गर्भ सोडण्याकडे डॉक्टरांचा कल आहे.

हे वाचताना मला आमचे अगस्ती ऋषी आठवले. अकोल्यात प्रवरेकाठी त्यांचा आश्रम आहे, महाशिवरात्रीला आम्ही सगळे जातो. मित्रावरुणांच्या तेजापासून कुंभातून अगस्ती आणि वसिष्ठ असे दोघे जन्मले अशी कथा आहे, म्हणजे तेही एका अर्थी जुळेच! महाभारतात अगस्ती लोपामुद्रेला विचारतात, हजार पुत्र हवेत, शंभर, दहा, की एकच पण हजारांच्या तोलाचा? ती एक मागते. लहानपणी मी ही कथा एका गुणी मुलाची म्हणून ऐकली. आता मला त्यात वेगळंच दिसतं. तिला विचारलं गेलं होतं. माझ्या आईला कुणी विचारलं नाही, आणि झाल्यावर दोष मात्र तिला लावला.

असो. नातीला मी काय उत्तर दिलं ते सांगते. हो, आजोबांकडून आलेलं असू शकतं. दोन बीजांच्या जुळ्यांकडे कल असलेली जनुकं असतात, त्यातल्या दोन जागा २०१६ साली सापडल्या. पुरुषात त्यांचा परिणाम दिसत नाही, पण तो ती पुढे मुलीला, नातीला देऊ शकतो. म्हणजे तुझ्या पणजीचं काहीतरी तुझ्यापर्यंत आलं असेल. त्यात तिची चूक नव्हती आणि तुझीही नाही. केळी खुशाल खा.

आणि नातेवाईक मंडळी, तिला भेटाल तेव्हा कारण विचारू नका. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या घेतेस ना, तपासणीला सोबत कोण येतं, आठव्या महिन्यात कुणी राहायला येऊ का, हे विचारा. मी तर बॅग भरायला घेतलीच आहे.

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, बारशाला एक नाव मी सुचवीन. मुलगी असली तर."