आकुर्डीची मालकी आणि माटिगहोफेनची शर्यत : बजाज–केटीएम व्यवहाराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मोटारशर्यतींचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. शर्यतीचा खर्च कोण करतो आणि कोणत्या हिशेबाने करतो, हा प्रश्न त्या लेखनात मागे पडतो. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने ऑस्ट्रियातील केटीएम या मोटरसायकल उद्योगाचे नियंत्रण आपल्या हाती घेतले. डाकार रॅली आणि मोटोजीपी या दोन्ही स्पर्धांत अग्रभागी असलेल्या संघाच्या तिजोरीची किल्ली त्यामुळे माटिगहोफेनहून आकुर्डीला आली. या मालकीबदलाचा शर्यतीवर काय परिणाम संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन्ही कंपन्यांच्या पूर्वेतिहासाच्या आधारे केला आहे.

दोन कंपन्या, दोन स्वभाव

बजाज ऑटोची स्थापना १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. आरंभी परदेशी दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकणे एवढाच तिचा व्यवसाय होता. १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्जो कंपनीशी झालेल्या करारानुसार स्कूटर तयार होऊ लागली. तो करार १९७१ साली संपला, आणि १९७२ पासून 'चेतक' रस्त्यावर आली. परवाना पद्धतीच्या त्या काळात स्कूटरसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्या कंपनीच्या दारात मागणीदारांची रांग आहे, तिला आपले वाहन वेगवान आहे हे शर्यतीत सिद्ध करण्याची गरज काय? बजाजचा उत्कर्ष शर्यतीवाचून झाला, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. २००१ सालच्या 'पल्सर'ने कंपनीची प्रतिमा तरुण केली खरी, तथापि तीही रस्त्यावरची आणि जाहिरातीतली.

केटीएमची घडण याच्या अगदी उलट आहे. हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी १९३४ साली माटिगहोफेन येथे दुरुस्तीचा कारखाना काढला, १९५० च्या दशकात तेथे मोटरसायकली तयार होऊ लागल्या, आणि १९९१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे श्टेफान पिअरर यांनी तिला पुन्हा उभे केले ते मुख्यतः कच्च्या रस्त्यावरील स्पर्धांच्या बळावर. 'रेडी टू रेस' हे घोषवाक्य त्या धोरणाचे सार होते. २००१ पासून २०१९ पर्यंत, २००८ ची रद्द झालेली रॅली वगळता, डाकारची मोटरसायकल गटातील प्रत्येक स्पर्धा केटीएमने जिंकली. येथे शर्यत ही विक्रीनंतरची चैन नव्हती, विक्रीचे कारणच ती होती. वाळवंटात टिकलेले यंत्र ग्राहक विकत घेत असे.

या दोन स्वभावांची गाठ नोव्हेंबर २००७ मध्ये पडली. बजाजने त्या वेळी केटीएमचे १४.५१ टक्के भाग घेतले आणि पुढील काही वर्षांत हा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास नेला. चाकणच्या कारखान्यात लहान क्षमतेच्या 'ड्यूक' तयार होऊ लागल्या. २०१२ च्या जानेवारीत २०० सीसीची ड्यूक भारतात आली आणि जानेवारी २०२३ पर्यंत चाकणहून दहा लाख केटीएम बाहेर पडल्या. शर्यतीतून आलेले नाव ऑस्ट्रियाने द्यायचे आणि स्वस्त, काटेकोर उत्पादन पुण्याने करायचे, अशी ही श्रमविभागणी होती. बजाजने स्वतःचा डाकार संघ कधी काढला नाही. हीरो आणि टीव्हीएस या स्पर्धक भारतीय कंपन्या मात्र त्या वाळवंटात उतरल्या. बजाजला जणू त्याची आवश्यकताच भासली नाही, कारण तिच्या भागीदाराकडे ते वैभव तयार होते.

संकट आणि हस्तांतर

२०२४ च्या नोव्हेंबरात केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज सुमारे दोन अब्ज युरोचे होते आणि अडीच लाखांहून अधिक मोटरसायकली विक्रीवाचून पडून होत्या. डिसेंबरात उत्पादन थांबले. धनकोंच्या संघटनेने त्याच महिन्यात दिलेल्या माहितीत मोटोजीपीतून बाहेर पडण्याचा उल्लेख होता. विलक्षण योगायोग असा की, कारखाना बंद असतानाच जानेवारी २०२५ मध्ये डॅनियल सँडर्सने केटीएमवरून डाकार जिंकली. २५ फेब्रुवारीला धनकोंनी तीस टक्के परतफेडीची योजना स्वीकारली. मे महिन्यापर्यंत रक्कम उभी करणे भाग होते आणि ती बजाजने उभी केली. एकूण साहाय्य ऐंशी कोटी युरोचे होते. आवश्यक त्या मंजुऱ्या मिळाल्यावर पिअरर यांचा वाटाही बजाजकडे आला आणि पिअरर मोबिलिटी या कंपनीचे नाव बजाज मोबिलिटी झाले.

रडतखडत चालणाऱ्या संघाला एखाद्या धनिकाने हौसेने विकत घेतल्याचे हे उदाहरण नाही. विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया तसा होता. २००७ साली स्पायकर संघ घेऊन तो उभारला गेला आणि २०१८ च्या जुलैत प्रशासकाच्या हाती गेला. येथे कारखाना घेतला गेला आणि संघ त्याच्याबरोबर आला. त्यामुळे संघाचे भवितव्य मालकाच्या आवडीवर अवलंबून नसून ताळेबंदावर अवलंबून राहील.

पूर्वोदाहरणे काय सांगतात

महाराष्ट्रातच याचा एक जवळचा दाखला आहे. मुंबईच्या महिंद्रा समूहाने २०११ साली ग्रां प्रीच्या १२५ सीसी गटात प्रवेश केला. पुढे मोटो-३ गटात २०१६ च्या जूनमध्ये आसेन येथे फ्रान्चेस्को बान्याया याने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. वाट पाहिलेले यश असे हाती आले आणि २०१७ च्या अखेरीस महिंद्राने तो गट सोडला, विजेवरील फॉर्म्युला-ईवर लक्ष केंद्रित करण्यासाठी. समूहाचे विजेच्या वाहनांचे धोरण आणि शर्यत एका दिशेने जाणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. सुझुकीने तर २०२० साली जगज्जेतेपद मिळविले, २०२६ पर्यंतचा करार केला, आणि तरीही २०२२ च्या शेवटी मोटोजीपीतून काढता पाय घेतला. विजय हा संचालक मंडळापुढे पुरेसा युक्तिवाद ठरत नाही, हे या दोन घटनांवरून दिसते. खुद्द केटीएमनेही जागतिक मंदीच्या काळात २५० व १२५ सीसी गटांतून आपला कारखाना संघ मागे घेतला होता. तेव्हा बजाज अल्पभागधारक होती.

याच वेळी स्पर्धेची मालकीही बदलत आहे. फॉर्म्युला वन २०१७ च्या जानेवारीत घेणाऱ्या अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने जुलै २०२५ मध्ये मोटोजीपीच्या डोर्ना कंपनीचा बहुतांश वाटा ताब्यात घेतला. फॉर्म्युला वनमध्ये तिने शर्यतींची संख्या २०२४ पर्यंत चोवीसवर नेली. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली आणि दूरचित्रवाणी मालिकेद्वारे नवा प्रेक्षक मिळाला. खर्चाला मर्यादा व उत्पन्नात वाढ झाल्याने संघांचे बाजारमूल्य वाढले. मोटोजीपीत असे घडले तर केटीएमचा संघ खर्चाच्या रकान्यातून मालमत्तेच्या रकान्यात जाऊ शकेल. स्पर्धेत कारखान्यांची संख्या पाचच असल्याने एकाचे जाणे आयोजकांनाही परवडणारे नाही. त्यामुळे आकुर्डीची वाटाघाटीची बाजू वाटते तितकी दुबळी नाही.

तथापि डाकार आणि मोटोजीपी यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. डाकारमधील यंत्र आणि दुकानात मिळणारी एन्ड्युरो मोटरसायकल यांचे नाते सरळ आहे, ते तोडणे म्हणजे ब्रँडचेच मूळ तोडणे होय. मोटोजीपीतील यंत्राचे चाकणच्या ड्यूकशी असे नाते नाही. तेथे केवळ नाव समान आहे, आणि रेड बुलसारख्या पुरस्कर्त्याचा आधार असला तरी यंत्राच्या विकासाचा भार कारखान्यावरच पडतो. २०२७ पासून मोटोजीपीत १००० सीसीऐवजी ८५० सीसी इंजिने येणार असल्याने प्रत्येक कारखान्याला नवे इंजिन घडवावे लागत आहे. बजाजच्या दृष्टीने खरी कसोटी येथेच आहे. मुंडरफिंग येथील शर्यत विभागातील अभियंते व यंत्रकार यांचे काम त्या इंजिनाशी बांधलेले आहे, आणि त्यासाठी लागणारी रक्कम मंजूर करणारे संचालक मंडळ आता पुण्यात बसते.