निर्वासितांच्या फाइली

घर आणि पैसा गेलेला निर्वासित सगळ्यांना दिसतो. त्याची लायकी ओळखणारी माणसेही मागे राहिली, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नव्या देशात त्याची पदवी म्हणजे परक्या भाषेतला एक कागद. म्हणूनच निर्वासिताला बायोडेटा नीट लिहून देणे, काम शोधायला हातभार लावणे ही किरकोळ कारकुनी नव्हे, त्याच्या बाजूने साक्ष उभी करणे आहे, असे मी मानतो. १९३३ नंतरच्या लंडनमध्ये याचा भक्कम पुरावा सापडतो.

७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने हिटलरच्या सरकारने ज्यू आणि विरोधी विचारांच्या सरकारी नोकरांना काढायला सुरुवात केली. जर्मनीत प्राध्यापक हेही सरकारी नोकरच. मे महिन्यात अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने अशा बडतर्फ अभ्यासकांच्या मदतीसाठी लंडनमध्ये 'अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल' स्थापन झाली, अध्यक्ष झाले अर्नेस्ट रदरफर्ड. रॉयल सोसायटीने बर्लिंग्टन हाउसमधल्या दोन लहान खोल्या दिल्या. लीड्सची एस्थर सिम्पसन जिनिव्हातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून तिथे कामाला आली आणि प्रत्येक अर्जदाराची फाइल तयार होऊ लागली. विषय, प्रसिद्ध लेखन, येणाऱ्या भाषा, घरात खाणारी तोंडे किती, उष्ण देशात जायची तयारी आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे, तुमच्या कामाबद्दल कोण लिहून देईल? अशा तयार माहितीची किंमत स्वतः जर्मनी सोडावी लागलेले प्राध्यापक फिलिप श्वार्ट्झ यांनी दाखवून दिली. झुरिकहून निर्वासित प्राध्यापकांची यादी घेऊन ते जुलै १९३३ मध्ये अंकाराला गेले आणि इस्तंबूल विद्यापीठातल्या तीसेक जागांची नावे एकाच बैठकीत ठरली. यादी हाताशी नसती, तर तुर्की सरकारची इच्छा असूनही नावे सुचवायची कुणी?

ब्रिटनमध्ये तेव्हा जवळपास तीस लाख लोक बेकार होते. परक्यांसाठी ही धडपड कशाला, हा प्रश्न गैर नव्हता. पण कौन्सिलचे अनुदान देणग्यांतून उभे राहत होते, त्यात विद्यापीठांतल्या शिक्षकांनी पगारातून दिलेले पैसेही होते. कुणा इंग्रज शिक्षकाची जागा त्यासाठी काढून घेतली नव्हती. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: ही मदत विद्वानांपुरतीच होती. सुमारे वीस हजार निर्वासित स्त्रिया ब्रिटनमध्ये घरकामाच्या परवान्यावर आल्या, आणि त्यांतल्या कित्येक शिकलेल्या होत्या. त्यांचे शिक्षण आणि अनुभव नोंदवून घेणाऱ्या अशा फाइली कौन्सिलने ठेवल्या नाहीत. हा दोष मला मान्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच, की असे काम करणारे हात फार थोडे होते. १९४० मध्ये ब्रिटनने जर्मन निर्वासितांनाच छावण्यांत डांबले, तेव्हा पाचशेहून अधिक अभ्यासकांच्या सुटकेचे अर्ज याच कार्यालयाने तयार केले. ज्यांची फाइल होती, त्यांच्यासाठी बोलणारे कुणीतरी होते.

ती संस्था आज 'कारा' या नावाने काम करते. सीरिया, अफगाणिस्तान आणि युक्रेनमधले अभ्यासक आता तिच्याकडे अर्ज करतात.