चूल गावाकडे, ताट गिरणगावात

जपानी शहरांच्या गल्लीबोळांत ‘इझाकाया’ नावाची लहान मद्यगृहे असतात. दाराशी तांबडा कागदी कंदील, आत जेमतेम आठ-दहा माणसांची जागा. नेहमीचे गिऱ्हाईक तेथे केवळ पिण्यासाठी येत नाही. शिजवलेला मुळा, भाजलेला मासा अशा ‘आईच्या हातच्या’ चवीसाठीही येते. आबे यारो यांच्या ‘शिन्या शोकुदो’ या चित्रकथामालेने (२००६ पासून) अशाच एका छोट्या खाणावळीला अमाप लोकप्रियता मिळवून दिली.

आपल्याकडे याचे प्रतिरूप म्हणून इराण्याच्या हॉटेलकडे बोट दाखवले जाते. मला ते पटत नाही. इराण्याकडे निवांतपणा मिळे, घर मिळत नसे. खरे नाते आहे ते गिरणगावातल्या खाणावळीशी. (मद्याचा भाग सोडून; तो १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर चोरट्या दारांमागे गेला.)

खांडबारा-नवापूर पट्ट्यातून सुरतेकडे ऊसतोडीला जाणारा आदिवासी मजूर जोडीने जातो आणि चूलही बरोबर नेतो. फडाशेजारच्या पडावावर भाकरी घरचीच असते. रत्नागिरी-साताऱ्याहून मुंबईस आलेला गिरणी कामगार मात्र बहुधा एकटा आला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, त्यानंतरच्या दशकांत परळ-लालबागच्या चाळी अशा एकट्या पुरुषांनी भरून गेल्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांना चूल कोठून असणार?

ती चूल कामगारवस्तीतल्याच बायकांनी पेटवली. कोणी विधवा, कोणी नवऱ्याची नोकरी सुटलेली. दहा-वीस गडी बांधलेले, हिशेब महिन्याच्या पगारावर. कोकण्याला भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास. चवीबरोबर जातही ताटात येई, हे विसरून चालणार नाही. दिवसपाळी-रातपाळीनुसार स्वयंपाक दोनदा मांडावा लागे. गड्याला जे घर वाटे, ते त्या बाईला श्रमाचे ठिकाण होते. खाणावळीविषयीच्या हळव्या आठवणींतून हीच गोष्ट नेमकी गळते.

शिवाय ती सावकारही होती, पण कर्जबाजारी सावकार. संप झाला की गडी उधारीवर जेवत आणि ती वाण्याकडून उधारीवर धान्य उचली. संपाची शिदोरी कोणी पुरवली, याचे उत्तर युनियनच्या इतिहासात फारसे सापडत नाही. १९७४च्या संपात हा बोजा प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिला. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. व्याजाच्या विळख्यातून सुटण्याची ती पहिली वाट होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप मात्र उधारीच्या आवाक्याबाहेरचा ठरला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, अनेक जण गावी परतले, ते आलेच नाहीत. त्यांच्या नावांपुढची बाकी वहीत तशीच राहिली. मंडळाच्या बायका पुढे कार्यालयांना डबे आणि जेवण पुरवू लागल्या.