बुचाची वाट

दिवाळीच्या सुमारास पहाटे शाळेच्या आवारात पाऊल टाकावे, तो बुचाच्या फुलांचा सडा पडलेला असतो. पांढरीशुभ्र, लांब देठांची फुले. मुली सुईदोऱ्याशिवाय, देठात देठ गुंफून त्यांच्या वेण्या करतात. असाच एकदा वेणीचा उद्योग चालला असता सहावीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, बाटलीचे बूच ह्याच झाडाचे का हो?" मी म्हणालो, "ह्याच्या सालीची हलकी बुचे पूर्वी करीत. खरे बूच परदेशातून येते." घंटा झाली आणि मी सुटलो. परंतु परदेशातून म्हणजे नेमके कोठून, आणि ते काढतो कोण, हा प्रश्न काही माझी पाठ सोडीना. त्याच्या मागे लागून मी नकाशावर बोट ठेवीत आणि पुस्तके चाळीत भूमध्य समुद्राच्या काठच्या एका डोंगररांगेत जाऊन पोहोचलो. आज वाचकांनाही तिकडेच न्यावयाचे आहे.

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात कातलोनिया हा प्रांत आहे. तेथे जिरोना नावाचे जुने शहर आणि समुद्र यांच्यामध्ये गाव्हारेस नावाचे डोंगर पसरलेले आहेत. सर्वांत उंच माथा जेमतेम साडेपाचशे मीटरांच्या आत. आपल्या सह्याद्रीने त्यांना टेकड्याच म्हटले असते. अंगावर पाइन आणि ओक यांचे दाट रान, पायथ्याशी निळा समुद्र. ह्या डोंगरांतून खडीमातीच्या असंख्य वाटा फिरतात, आणि आज देशोदेशीचे सायकलस्वार खास त्यांच्यासाठी तेथे येतात. जाड टायरांच्या, खडीवर घसरू नयेत अशा सायकली घेऊन ते दिवस दिवस हिंडतात. मोटार नाही, ट्रक नाही, कर्णा नाही. चाकाखाली खडीची करकर आणि रानातले पाखरू, एवढाच काय तो आवाज.

रोज तालुक्याच्या रस्त्यावरून ट्रकांना वाट देत सायकलीने शाळा गाठलेल्या माझ्यासारख्याला हे वर्णन वाचून हेवा वाटल्यावाचून कसा राहील? परंतु जसजसे अधिक वाचत गेलो, तसतसा त्या हेव्यात एक निराळाच भाव मिसळू लागला. ती शांतता मुळापासूनची नव्हे. एके काळी ह्या रानात माणसांची आणि खेचरांची वर्दळ होती. त्या वाटा कोणी सहलीसाठी पाडल्या नव्हत्या. त्या बुचाने पाडल्या.

खरे बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. झाड पंचवीस-तीस वर्षांचे झाल्यावाचून त्याला कुऱ्हाड लावीत नाहीत. पहिली साल ओबडधोबड निघते. तिचे बाटलीचे बूच होत नाही. मग पुन्हा बारा-चौदा वर्षे थांबावयाचे. बुचाला योग्य अशी गुळगुळीत साल साधारणतः तिसऱ्या खेपेस मिळते. म्हणजे आजोबांनी राखलेल्या झाडाचे चांगले बूच नातवाच्या हाती यावयाचे! आपल्याकडे आंबा लावणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट मुलांना सांगतात, तशीच ही गोष्ट.

साल काढण्याचा हंगाम उन्हाळ्याचा, कारण तेव्हाच ती खोडापासून मोकळी सुटते. कुऱ्हाडीच्या दांड्याचे टोक पाचरीसारखे निमुळते असते. आधी पात्याने साल उभी चिरावयाची आणि मग दांड्याचे टोक आत सारून ती अलगद उचलावयाची. घाव एक सूतभर खोल गेला, तर आतल्या जिवंत भागाला जखम होते आणि झाड कायमचे बिघडते. म्हणून हे काम ताकदीचे खरे, पण त्याहून अधिक हाताच्या अदबीचे. साल काढलेले खोड आधी तांबूस-केशरी दिसते, मग वर्षागणिक काळवंडत जाते. पुढे सालीचे तक्ते उकळून सपाट करावयाचे आणि त्यांतून एकेक बूच कापावयाचे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फसफसणाऱ्या शँपेन मद्याचा व्यापार वाढला आणि त्या जोरकस बाटल्यांना घट्ट बुचे हवी झाली. गाव्हारेसच्या रानाचे भाग्य त्याबरोबर उघडले. कास्सा द ला सेल्वा, लागोस्तेरा, पालाफ्रुजेल आणि समुद्रावरचे सान फेलिउ द गिशोल्स ही गावे बुचाची गावे झाली. प्रथम कारागीर सुरीने हातानेच बुचे कापीत. हात कामात गुंतलेले, परंतु कान मोकळे. तेव्हा एकाने वर्तमानपत्र किंवा पुस्तक मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी काम करता करता ऐकावे, अशी चाल पडली. अक्षरओळख नसलेल्या कारागिरालाही त्यामुळे जगाची खबर असे. प्रजासत्ताकाचे आणि मजुरांच्या हक्कांचे विचार ह्या भागात लवकर रुजले, त्यात नवल नाही. शिक्षकाला ह्या गोष्टीचा आनंद वाटला, तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

बुचाखेरीज रानात दुसरा धंदा लाकडी कोळशाचा. लाकडे रचून, वर मातीचा थर देऊन भट्टी लावावयाची आणि रात्रंदिवस तिच्यावर डोळा ठेवावयाचा. त्या भट्ट्यांच्या गोल सपाट जागा रानात आजही दिसतात. उतारांवर द्राक्षांचे मळेही होते. परंतु 1879 साली द्राक्षाच्या मुळांवरचा फिलोक्सेरा हा कीडरोग फ्रान्सच्या सीमेवरून ह्या मुलखात शिरला आणि मळेच्या मळे वाळून गेले. पुष्कळ जागी त्या बांधांवर पुढे रान चढले. सालीच्या ओझ्यांची खेचरे, कोळशाच्या गाड्या, पाव घेऊन जाणारी मुले ह्या सर्वांच्या पायांनी डोंगरातल्या वाटा रुळल्या.

मग आगगाडी आली. जिरोना ते सान फेलिउ ही सुमारे 40 किलोमीटरांची लहान गाडी 1892 मध्ये सुरू झाली. दोन रुळांतले अंतर 750 मिलिमीटर. आपल्या बार्शी लाईटचे, 1897 मध्ये धावू लागलेल्या त्या लाडक्या गाडीचे, अंतर 762 मिलिमीटर होते. म्हणजे दोघी जवळजवळ जुळ्या बहिणीच, केवळ बारा मिलिमीटरांचा फरक! एकीने पंढरीचे वारकरी वाहिले, दुसरीने बूच वाहिले. सान फेलिउच्या बंदरात ते जहाजावर चढे आणि जगभरच्या बाटल्यांच्या तोंडी जाऊन बसे.

सुमारे पाऊण शतक ती गाडी धावली. 1936 ते 1939 च्या यादवी युद्धात सान फेलिउवर विमानांतून बाँब पडले, तरी गाडी पुन्हा उभी राहिली. तिला हरवले ते रस्त्यावरच्या ट्रकने आणि मोटारीने. रानावरही त्याच सुमारास संकटांची माळ आली. फेब्रुवारी 1956 मध्ये अशी कडाक्याची थंडी पडली, की बुचाची कितीतरी झाडे गारठून मेली. घरोघर गॅसची टाकी आली आणि कोळशाला कोणी विचारीना. समुद्रकाठी उन्हाळी पाहुण्यांसाठी हॉटेले उठू लागली, तेथे रोजगार सोपा आणि रोख. तरुण मंडळी डोंगर उतरली. 1969 साली गाडीही बंद झाली. रूळ उचलले गेले. उरला तो खडीचा भराव आणि पोरकी स्टेशने.

वापरणाराच उरला नाही म्हणजे वाट मोडते, असे आपण मराठीत म्हणतो. किती अचूक शब्द आहे हा! वाट पुराने वाहून जावी लागत नाही. पाय थांबले, की ती आपोआप मोडते. आणि वाटेबरोबर रानही बिघडते. सोलणारे आणि तोडणारे हात गेले, की झुडपांचे जंगल माजते, आणि भूमध्य समुद्राच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला एक ठिणगी पुरते.

गाव्हारेसची वाट मात्र पुरती मोडली नाही. स्पेनमध्ये 1993 पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी 'हिरव्या वाटा' करण्याचा उपक्रम सुरू झाला. सान फेलिउच्या गाडीचा भरावही अशीच वाट झाला. रेल्वेचाच मार्ग तो, त्यामुळे चढ सौम्य. लहान मुलानेही पायडल मारीत समुद्र गाठावा. कातलोनियाने 1995 मध्ये कायदा करून रानवाटांवरच्या मोटारींना आवर घातला. आगीचे बंब नेण्यासाठी डोंगरातल्या वाटा साफ ठेवणे तर भागच होते. आज त्याच वाटांवर सायकली चढतात. कोणी वर रोमान्याच्या रानातली हजारो वर्षांपूर्वीची दगडी समाधी पाहून येतात, तर कोणी देवदूतांच्या नावाच्या त्या देवळापाशी दम घेतात, जेथे 1958 मध्ये साल्वादोर दाली या चित्रकाराने आपल्या गालाशी धर्मविधीने लग्न लावले.

बूच अजून सरलेले नाही. त्या भागात आजही ओकची साल निघते, कारखाने चालतात आणि पालाफ्रुजेलला बुचाचे संग्रहालयही आहे. परंतु पूर्वीची ती वर्दळ गेली ती गेलीच. वाटेवरच्या सायकलस्वाराला बाजूचे केशरी खोड दिसत असेल. ते कोणाच्या हाताने सोलले, हे त्याच्या मनात येते की नाही, कोण जाणे. कित्येकांच्या येत नसेल. मला प्रथम त्याचा रागच आला होता. ज्यांनी घाम गाळला ते गेले, आणि मौजेला आलेल्यांच्या वाट्याला ती शांतता आली!

आता राग ओसरला आहे. आमच्या गावाहून तालुक्याला जाणारी एक गाडीवाट होती. लहानपणी वडिलांचा हात धरून मी तिच्यावरून बाजाराला गेलो आहे. डांबरी रस्ता झाला आणि ती बाभळीत बुडाली. आता मुलांना ती दाखवावयाची म्हटली, तरी सापडत नाही. तिच्याबरोबर तिच्यावरून चाललेली माणसेही आमच्या बोलण्यातून गेली. गाव्हारेसमध्ये तसे झाले नाही. वाट कोणाची हे ठाऊक नसणाऱ्यांनी का होईना, ती चालती ठेवली. आणि वाट चालती आहे म्हणूनच तिची गोष्ट विचारणारा कोणीतरी केव्हातरी भेटतो.

ती सहावीतली मुलगी आता नववीत आहे. अर्धवट राहिलेले उत्तर मी तिला ह्या सुटीनंतर सांगणार आहे, बुचाच्या झाडाखाली बसून, घंटेची घाई न करता.