दीर्घ मुदतीची ठेव व तिचे कागद : सातारा आणि सांगली

जुनीं दप्तरें धुंडाळणारे आम्ही सनदा, महजर व निवाडे जिवापाड जपतों. परंतु त्याच रुमालांतून निघणारीं विमापत्रें, ठेवपावत्या व भागपत्रें रद्दी समजून बाजूस सारतों. हा भेद योग्य नाहीं, असें आमचें मत आहे. पुढील पिढीसाठीं द्रव्य राखून ठेवणारास सर्व काळीं व सर्व देशीं तीन प्रश्न पडत आले आहेत : तें कोणाच्या भरंवशावर ठेवावें, त्याची वाढ किती व्हावी, आणि आपल्या पश्चात् तें कोणत्या पुराव्यानें मिळावें.

वाढीविषयीं आमचें धर्मशास्त्र स्पष्ट आहे. सतारण ऋणावर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, व्याज याज्ञवल्क्यानें सांगितलें. एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक नसावें, हा दामदुपटीचा निर्बंध मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनींही हिंदु ऋणकोंपुरता मानिला. भरंवशाचा प्रश्न मात्र कठीण. छत्रपतींच्या व पटवर्धनांच्या इनामपत्रांत वंशपरंपरेचें अभिवचन असे. पण १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें आणि १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशन हक्कांची तपासणी करूं लागलें, तेव्हां ज्याच्या घरीं अस्सल सनद होती त्याचा पक्ष बळकट झाला.

युरोपांतील एक उदाहरण येथें उद्बोधक आहे. डच लोकांच्या देशांत लेक नदीचा बांध राखणाऱ्या मंडळानें १६४८ सालीं नदीकांठच्या बांधकामासाठीं हजार गिल्डरांचा रोखा काढिला. त्यास मुदत नाहीं, व्याज निरंतर. आरंभीं दर शेंकडा पांच होता, तो पुढें अडीचवर आला. रोखा बकऱ्याच्या कातड्यावर लिहिलेला असून व्याज पोंचल्याच्या नोंदी त्याच्यावरच आहेत. जागा संपल्यावर कागदी पुरवणी जोडली गेली. अमेरिकेंतील येल विद्यापीठानें तो २००३ सालीं संग्रहासाठीं घेतला व २०१५ सालीं बारा वर्षांचें व्याज १३६ युरो २० सेंट वसूल केलें. मूळ मंडळ लोपलें, नाणें बदललें, तरी देणें उत्तराधिकाऱ्याकडे आलें आणि कागद शाबूत राहिला, म्हणून ऋण जिवंत आहे. पण वर्षास साडेअकरा युरोही पडत नाहींत, हेंही ध्यानांत घ्यावें : ठराविक व्याजाचा आंकडा टिकतो, त्याची क्रयशक्ति टिकत नाहीं.

आमच्या प्रांतींही हाच क्रम दिसतो. साताऱ्यास १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकारानें वेस्टर्न इंडिया विमा कंपनी निघाली, सांगलीस १९१६ सालीं सांगली बँक, आणि पुन्हां साताऱ्यास १९३६ सालीं युनायटेड वेस्टर्न बँक. आज यांपैकीं एकही त्या नांवानें उरली नाहीं. विमा कंपनीचा व्यवहार १९५६ च्या राष्ट्रीयीकरणानें आयुर्विमा महामंडळाकडे गेला. युनायटेड वेस्टर्न २००६ सालीं आयडीबीआय बँकेंत व सांगली बँक २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली. नांवें गेलीं, दायित्व गेलें नाहीं. दहा वर्षें कोणीं न मागितलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. तरी वारसाचा हक्क बुडत नाहीं. सात वर्षें न उचललेला लाभांशही कंपनी कायद्यान्वयें सरकारी निधींत जातो व पुरावा दाखविल्यास परत मिळतो.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, असा कागद हातीं येतांच त्यावरील नांव, क्रमांक, मिति, शिक्का व पाठीवरील शेरे उतरून घ्यावे आणि प्रथम त्या घराण्याच्या वारसांस कळवावें; संग्रहाचा विचार मागाहून. २००५ व २०१९ सालीं कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें होतें. माळ्यावरचें दप्तर पुढच्या पुरापर्यंत तसेंच राहूं देणें म्हणजे इतिहासाचें साधन आणि कोणाचें तरी न्याय्य धन, दोन्हीं एकदम बुडविणें होय.